संधात्याची उमेदवारी

आज खंडेनवमी. आश्विन शुद्ध नवमीच्या या मंगल दिवशी घरोघरी शस्त्रे, अवजारे आणि यंत्रे धुऊनपुसून पाटावर मांडली जातील. त्यांना गंधाक्षता वाहून झेंडूची फुले अर्पण केली जातील. शेतकऱ्याचे विळाखुरपे, सुताराचा रंधा, शिंप्याचे शिवणयंत्र, वाहनचालकाची मोटार, सर्वांनाच आज देवतेचा मान आहे. कळवणच्या वाटेवरील वेल्डिंगच्या दुकानांतही होल्डरला आणि हातोडीला आज हळदकुंकू लागेल. हा आचार सुंदर आहे आणि तो टिकावा, असेच आम्हांस वाटते. तथापि अवजाराची पूजा करताना, ते अवजार ज्या हाती शोभावयाचे त्या हाताचा विचार आपण कितीसा करतो? आणि जो हात अद्याप घडावयाचा आहे, त्या शिकाऊ हाताचा विचार तर आपल्या मनास शिवतही नाही. आज त्याच हाताविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्ही योजिले आहे.

आपल्या कळवण तालुक्याचे भाग्य असे की, सप्तशृंग गडावरील अठरा भुजांची जगदंबा आपल्या शिवेत नांदते. तिच्या हातांतील आयुधे कोणी दिली, याचे वर्णन देवीमाहात्म्याच्या दुसऱ्या अध्यायात आले आहे. शंकरांनी आपल्या शूलातून शूल काढून दिला, विष्णूंनी आपल्या चक्रातून चक्र दिले. त्याच मालिकेत विश्वकर्म्याचे नाव येते. त्याने देवीला लखलखीत परशू दिला, नाना प्रकारची अस्त्रे दिली आणि अभेद्य कवच दिले. विश्वकर्मा हा देवांचा शिल्पी. महिषासुरमर्दिनीच्या त्या महान कार्यात कारागिराच्या कर्मशाळेचाही वाटा होता, हे नवरात्राचा पाठ करणाऱ्या प्रत्येक घराने ध्यानी घ्यावे. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात पर्णमण्याचे सूक्त आहे. त्यात राजा आपल्याभोवती कोण असावेत हे सांगताना रथकारांबरोबर कर्मारांचा, म्हणजे लोहारांचा, उल्लेख करतो आणि त्यांना ‘मनीषी’ हे विशेषण लावतो. लोखंड घडविणारा मनुष्य बुद्धिमान असतो, हे वेदकाळी ज्ञात होते. पुढे आपणच ते विसरलो आणि त्या मनीषी कारागिराला पंक्तीच्या शेवटी बसविले.

आज ज्या कारागिराविषयी आम्ही लिहीत आहोत तो वेल्डर होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी व्यवहारात फिटरला जोडारी, टर्नरला कातारी आणि वेल्डरला ‘संधाता’ म्हणतात. ही नावे ज्याने कोणी योजिली, त्याचे संस्कृतचे ज्ञान वाखाणण्याजोगे होते. कारण ज्या घरांत विष्णुसहस्रनामाचा नित्यपाठ आहे, त्या घरांत ‘संधाता’ हे नाव दररोज उच्चारले जाते. ते भगवंताचे नाव आहे. श्रीमदाद्य शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्याचा अर्थ सांगितला आहे तो असा की, जो प्राण्यांना त्यांच्या कर्मफलांशी जोडतो तो संधाता. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील पहिल्या सूक्तात इंद्रालाही हेच पद लाविले आहे; बंधनाचा आधार न घेता तो सांधा जोडतो आणि जे मोडले ते पुन्हा नीट करतो, असा तेथील आशय आहे. खिळा नाही, रिबिट नाही, बोल्ट नाही आणि तरीही दोन लोखंडे एकजीव! वेल्डिंगचे याहून नेमके वर्णन करावयाचे म्हटले तरी कठीण जाईल.

दुकानाच्या दारात ठिणग्या उडताना आपण पाहतो आणि पुढे जातो. पण या विद्येचा आवाका फार मोठा आहे. आपल्या भागातील कांदाचाळीचा अँगल आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा सांगाडा हे तिचे घरगुती रूप. सप्तशृंग गडावर २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. ज्या वृद्धांना पायऱ्या चढवत नाहीत ते आज पोलादी रुळांवर आणि पोलादी सांगाड्यावर विश्वास टाकून आईच्या दर्शनास जातात. आपल्याच जिल्ह्यात मनमाड येथे मध्य रेल्वेचा जुना अभियांत्रिकी कारखाना आहे. रेल्वेपुलांचे अजस्र गर्डर तेथे घडतात. मुंबईत माझगाव गोदीत युद्धनौका बांधल्या जातात. १५ जानेवारी २०२५ रोजी ‘सुरत’ व ‘निलगिरी’ या युद्धनौका आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या, त्या तिन्ही या गोदीत घडलेल्या. कोकण रेल्वे महामंडळाच्या देखरेखीखाली उभा राहिलेला चिनाब नदीवरील पोलादी कमानीचा पूल नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. ६ जून २०२५ रोजी त्याचे लोकार्पण झाले. या सर्व कामांचे श्रेय अभियंत्यांना मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु आराखड्यातील रेघ लोखंडात उतरते ती संधात्याच्या मनगटातून.

हे मनगट एका दिवसात तयार होत नाही. कीर्तनविद्येत शिष्य आधी कित्येक वर्षे झांज धरून गुरूच्या मागे उभा राहतो, तेव्हा कोठे त्याच्या गळ्यात हार पडतो. संधात्याच्या विद्येचेही तसेच आहे. होल्डरमधील रॉडचे टोक आणि लोखंड यांमध्ये जी वीज पेटते, तिची उष्णता पाच हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते. पोलाद तर सुमारे पंधराशे अंशांवर वितळते. रॉड फार जवळ नेला तर तो चिकटतो, फार दूर नेला तर ज्योत भटकते. हात घाईने चालला तर सांधा वरवरचा राहतो, रेंगाळला तर पत्र्याला भोक पडते. रॉडवरील लेप जळून जो वायू सुटतो तो वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवितो आणि लेपाचा उरलेला भाग मळी होऊन वर तरंगतो. ती मळी हातोडीने ठोकून, तारेच्या ब्रशने घासून समूळ काढल्याविना दुसरा थर द्यावयाचा नसतो. आळसाने राहिलेला मळीचा एक कण सांध्याच्या पोटात दडून बसतो आणि पुढे कित्येक वर्षांनी आपले विष दाखवितो.

अवजड कामात तर याहून सूक्ष्म गोष्टी आहेत. जाड पोलादासाठी वापरावयाचे खास रॉड दमट हवेत उघडे राहिले तर ओल धरतात. त्या ओलीतील हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि जोडताना अखंड दिसलेला सांधा दुसऱ्या दिवशी आतून तडकलेला असतो. म्हणून ते रॉड भट्टीत तापवून कोरडे ठेवावे लागतात. तापलेले लोखंड निवताना आखडते आणि गर्डरला पीळ देते. म्हणून कोणत्या बाजूने आरंभ करावा, कोठे थांबावे, दोन्ही अंगांना आलटूनपालटून केव्हा जोड द्यावा, याचा क्रम ठरलेला असतो. सपाट सांधा, आडवा सांधा, उभा सांधा आणि डोक्यावरचा सांधा अशा चार स्थिती साधाव्या लागतात. चौथ्या स्थितीत वितळलेले लोखंड वरून अंगावर ओघळू पाहते आणि तरीही हात ढळू द्यावयाचा नसतो. ही समाधी नव्हे तर काय?

आणि देहाचे रक्षण हाही याच विद्येचा पाठ आहे. काळ्या काचेवाचून क्षणभर जरी त्या ज्योतीकडे पाहिले, तरी रात्री डोळ्यांत वाळू भरल्यागत वेदना होतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा धूर पोटात गेला तर थंडीताप भरतो. घामाने भिजलेले हातमोजे आणि पावसाने ओली झालेली जमीन यांमुळे विजेचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. उंचावर चढताना सुरक्षापट्टा बांधण्याची सवय पहिल्या दिवशी लागली तरच ती जन्मभर राहते. हे सारे शिकविणारा कोणीतरी शेजारी उभा असावा लागतो. उमेदवारी म्हणतात ती हीच.

शिक्षण कच्चे राहिले तर काय होते, याचे उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. दक्षिण कोरियाच्या सेऊल नगरीत हान नदीवर १९७९ साली सोंगसू नावाचा पूल खुला झाला. पंधरा वर्षांनी, २१ ऑक्टोबर १९९४ रोजी सकाळी, लोक कामावर व मुले शाळेत निघाली असता त्याचा मधला भाग नदीत कोसळला. ३२ जण मृत्युमुखी पडले, त्यांत शाळकरी मुलीही होत्या. चौकशीत जी कारणे पुढे आली, त्यांत पोलादी सांगाड्याचे निकृष्ट वेल्डिंग हे प्रमुख होते. पुलावरून जाणाऱ्या मुलींना तो सांधा कोणी, केव्हा आणि किती मन लावून जोडला होता, हे कोठून ठाऊक असणार? सांधा मुका असतो; तो पंधरा वर्षे गप्प राहतो आणि एके सकाळी बोलतो. म्हणून शिकाऊ मुलाला नीट शिकविणे हा दुकानदाराच्या मर्जीचा प्रश्न नसून समाजाच्या जीविताचा प्रश्न आहे.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केला होता, हे वाचून अनेकांस आश्चर्य वाटेल. धर्मशास्त्रात शिल्प शिकण्यासाठी गुरूकडे राहणाऱ्या मुलास ‘अंतेवासी’ म्हटले आहे. याज्ञवल्क्य म्हणतो की, शिल्प अगोदर साध्य झाले तरी अंतेवासीने ठरलेला काळ गुरुगृही पुरा करावा, गुरूने दिलेले अन्न घ्यावे आणि त्या काळातील कामाचे फळ गुरूस द्यावे. हा झाला शिष्याचा धर्म. नारद दुसरी बाजू सांगतो. आचार्याने त्याला आपल्या घरी अन्न देऊन शिकवावे, त्याच्याकडून दुसरे काम करवून घेऊ नये आणि त्याला पुत्राप्रमाणे वागवावे. कात्यायन तर याहून पुढे जातो. त्याची स्मृती आज संपूर्ण उपलब्ध नाही. निबंधग्रंथांत विखुरलेली तिची वचने भारतरत्न पां. वा. काणे यांनी एकत्र करून १९३३ साली प्रसिद्ध केली. त्यात स्पष्ट सांगितले आहे की, जो गुरू शिल्प शिकवीत नाही आणि शिष्याला इतर कामांस जुंपतो, तो दंडास पात्र होतो आणि शिष्याला त्याला सोडून जाण्याची मोकळीक आहे. त्या ग्रंथांतील सर्वच दंड आज कोणी स्वीकारणार नाही, आणि ते शिल्पही त्या काळी जातीच्या कुंपणात कोंडलेले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी मूळ तत्त्व निर्मळ आहे. शिष्य काळ देतो, गुरूने विद्या द्यावी. विद्या न देता काळ घेणे ही चोरी होय.

हेच तत्त्व स्वतंत्र भारताच्या संसदेने १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात घातले. त्या कायद्याप्रमाणे मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार व्हावा लागतो व तो नोंदवावा लागतो. मुलगा अज्ञान असेल तर पालकाची सही लागते. वयाची किमान मर्यादा १४ वर्षांची आहे. धोक्याच्या उद्योगांतील व्यवसायांसाठी २०१४ च्या दुरुस्तीने ती १८ केली. कायदा उमेदवारास कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानतो. मालकाने त्याला त्या व्यवसायाचे शिक्षण दिलेच पाहिजे. स्वतःस ती विद्या येत नसेल तर पात्र माणूस नेमला पाहिजे. विद्यावेतन दरमहा दिले पाहिजे. उमेदवाराकडून जादा वेळ काम मनमानीने घेता येत नाही आणि शिकताना इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे. उमेदवारानेही मन लावून शिकावे, हजेरी चुकवू नये, कराराचा काळ पुरा करावा, असे बंधन आहे. याज्ञवल्क्य, नारद आणि कात्यायन यांनी दिलेल्या आज्ञाच जणू नव्या भाषेत पुन्हा उच्चारल्या गेल्या.

परंतु ग्रंथातील वचन आणि कायद्यातील कलम या दोहोंचीही व्यवहारात काय अवस्था आहे? कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही कळवण, सुरगाणा, देवळा या भागांतील गावोगावी जातो. कीर्तन संपल्यावर आईबाप मुलांच्या शिक्षणाच्या गोष्टी काढतात. कोणाचा मुलगा वेल्डिंग शिकावयास म्हणून शहरात गेलेला असतो. चौकशी करावी तो कळते की, वर्षभर त्याने अंगण झाडले, चहा आणला, अँगल उचलून गाडीत भरले, ग्राइंडर चालविला आणि होल्डर हाती आला तो महिन्यातून एखाद्या दिवशी. दाखला मिळाला, विद्या मिळाली नाही. काळी काच मागितली तर ‘सवय होईल’ असे उत्तर मिळाले. अशा मुलाला आम्ही उमेदवार म्हणत नाही. त्याच्या उमेदीची ती लूट आहे. साफसफाई आणि ओझी वाहणे यांत कमीपणा नाही, प्रत्येक शिष्याने ते केले पाहिजे. परंतु तेवढेच करवून घेऊन त्याला शिल्पाचे नाव देणे हे कात्यायनाच्या काळीही दंडनीय होते आणि आजही आहे.

म्हणून कळवणच्या पालकांस आमचे नम्र सांगणे असे. आठवी उत्तीर्ण मुलाला वा मुलीला संधात्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम घेता येतो. आपल्या कळवणमध्येच शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथे जाऊन कोणते व्यवसाय, किती जागा, याची चौकशी करावी. तो अभ्यासक्रम पुरा झाल्यावर थांबू नये. खरी परीक्षा त्यानंतरच्या उमेदवारीत आहे. मध्य रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांच्या भरतीत मनमाडच्या कारखान्याचाही समावेश असतो आणि तेथील निवड दहावी व औद्योगिक प्रशिक्षणाच्या गुणांवर होते. माझगाव गोदी आठवी उत्तीर्ण मुलांनाही परीक्षा घेऊन वेल्डरच्या उमेदवारीत प्रवेश देत आली आहे. मुलगा कोठेही लागो, पालकांनी चार प्रश्न विचारण्यास संकोचू नये. करार नोंदला आहे का? शिकविणारा कोण? काच, मोजे, बूट आणि पट्टा कोण देणार? चारही स्थितींतील सांधे त्याच्याकडून करवून घेणार का? वराकडील मंडळींना आपण पन्नास प्रश्न विचारतो. मुलाचे डोळे आणि हात ज्याच्या स्वाधीन करावयाचे त्याला चार प्रश्न विचारणे वावगे नाही.

उस्तादांसही एक विनंती आहे. ‘सगळे शिकविले तर उद्या समोर दुकान टाकील’ ही भीती आम्ही समजू शकतो. पण विद्या दिल्याने आटत नाही. ज्याच्या हाताखालून चार चांगले संधाते बाहेर पडले, त्याचे नाव चार गावांत चार मुखांनी घेतले जाते. आज पूजेनंतर पुन्हा यंत्र सुरू कराल तेव्हा पहिला रॉड त्या शिकाऊ पोराच्या हाती द्यावा, त्याच्या मनगटाला आपला हात लावावा आणि त्याचा वाकडातिकडा पहिला सांधा त्याच्यासमोर वाकवून, तोडून, कोठे चुकले ते दाखवावे. गुरुपूजनाचे पुण्य शिष्याला लागते. शिष्य घडविण्याचे पुण्य गुरूला लागते.

आणि मुलांनो, तुम्हांसही सांगावयाचे आहे. चार सांधे जमू लागले की, दुसरीकडे दोन पैसे अधिक मिळतात म्हणून काळ अर्धवट सोडण्याचा मोह होतो. शिकविणारा खरोखर शिकवीत असेल तर तो मोह आवरावा. याज्ञवल्क्याने ‘ठरलेला काळ’ पुरा करावयास सांगितला, त्यात गुरूची सोय आहे हे खरे. परंतु हात स्थिर होण्यास लागणारा काळ कोणालाही चुकलेला नाही. विष्णुसहस्रनामात ‘संधाता’ या नावाच्या थोडेच पुढे ‘स्थिर’ हेही नाव येते, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. मळी लपवू नका, ओला रॉड वापरू नका, रंगाखाली दोष झाकू नका. तपासणीला क्ष-किरण येवोत वा न येवोत, तुमचा सांधा जाणणारा पहिला साक्षी तुम्हीच आहात.

शेवटी घराघरांतील वडीलधाऱ्यांस एक स्पष्ट गोष्ट. मुलगा वेल्डर आहे म्हटले की सोयरिकीची बोलणी थंडावतात. तोच मुलगा कचेरीत कारकून असेल तर पगार कमी असूनही पाहुणे दोनदा चहा घेतात. ज्या होल्डरला आज आपण फूल वाहणार, तो धरणाऱ्या हाताला मुलगी द्यावयास मात्र आपण कचरणार, ही कसली पूजा? देवीच्या हातातील परशू वंदनीय आणि तो देणाऱ्याच्या कुळातील विद्या मात्र हलकी, असा हिशेब जगदंबेच्या दरबारी चालणार नाही. आज अवजारांपुढे पाट मांडाल तेव्हा त्यांच्या शेजारी त्या शिकाऊ मुलालाही बसवा आणि त्याच्या कपाळी गंध लावा. उद्या विजयादशमी. आमच्या खेड्यांतील कित्येक मुले पाठीशी एक पिशवी टाकून शिवेबाहेर पडतील. त्यांचे सीमोल्लंघन विद्येचे होवो, वेठीचे न होवो, आणि त्यांनी जोडलेल्या सांध्यांवरून लक्षावधी माणसे निर्धास्तपणे पलीकडे जावोत, हेच सप्तशृंगनिवासिनीच्या चरणी आमचे मागणे आहे.